बायांचा माइक

भात कापताना कंबर सरळ करायला बाईमाणसाला काहीतरी निमित्त लागतं. यंदा सणाआधीच्या एका शनिवारी ते निमित्त चर्चकडून आलं. "हॅलो. चेक. हॅलो, चेक." ओढ्यावरून, सागाच्या पानांवरून तो आवाज आमच्या तुकड्यापर्यंत आला आणि रांगेतल्या सगळ्या बाया हातात विळे घेऊन उभ्या राहिल्या. "लागलं मशीन," एक म्हणाली. "याकोबकाका आता संध्याकाळपर्यंत हॅलोच म्हणत बसेल, समोरून उत्तर येईपर्यंत," दुसरी म्हणाली. सगळ्या हसल्या. बाई तेवढी वाकलेलीच राहिली. तिचा विळा थांबला नाही. कापलेल्या मुठी ती मागे टाकत गेली, आणि आम्ही हसून पुन्हा वाकलो तोवर ती आमच्या कितीतरी पुढे गेली होती.

बाई म्हणजे माझी मोठी जाऊ. नाव मार्था, पण मी लग्न होऊन आले तेव्हापासून तिला बाईच म्हणते. चर्चमध्ये बायांच्या रांगेत गाणं उचलायची ती. आता गात नाही. उपासनेला येते, चटईच्या शेवटच्या कडेला बसते, उभं राहायचं तेव्हा उभी राहते, पण तोंड उघडत नाही. गावात कोणी तिला कारण विचारत नाही. मला विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं, कारण चार माणसांत माझी जीभ चिकटते. लिहिताना तसं होत नाही. चौथीपर्यंतच गेले शाळेत, पण लिहायला मला आवडायचं. घरी आम्ही आमच्या बोलीत बोलतो. मराठी आमच्याकडे शाळेची आणि बायबलची. म्हणून लिहायला बसलं की मराठीच येते, आणि इथे बाईचं बोलणंही मी मराठीतच लिहिते आहे.

कापणीचा सण जवळ आला की हवेत कोरडेपणा येतो. पाय धुळीने पांढरे होतात, बोटांना भाताच्या पात्याचे बारीक चरे पडतात आणि मिठाचा हात लागला की झोंबतात. खळ्यावर शेण सारवलेलं असतं, त्याचा वास, आणि नव्या पेंढ्याचा गोड वास. नवापूरकडून येणाऱ्या गाड्यांतून कोंबड्यांची पिसं उडत येऊन कुंपणाला अडकतात. सगळ्यांना हे दिवस आवडतात. मलाही आवडायचे. आता पेंढ्याचा वास आला की मला ते एकच वर्ष आठवतं.

आमचं चर्च लांबट आहे, वर पत्रा. पुरुष उजव्या हाताला बसतात, बाया डाव्या. पूर्वी माइक नव्हता तेव्हा बाई गाणं उचलायची आणि पत्र्याखाली ते भरून जायचं. नवी नवरी म्हणून मी पहिल्यांदा त्या चटईवर बसले तेव्हा पदराआड लपून रडत होते, आणि माझ्या शेजारी हा आवाज निघाला. मोठा नव्हता. ओल्या मातीत नांगर जातो तसा जात होता, न अडखळता. मी रडायची थांबले ते आठवतं. कापणीच्या सणाला तर बाई स्वतः जुळवलेलं गाणं म्हणायची, आमच्या बोलीत. खळ्यात ये, दाणा बघ, तुझाच आहे, असं काहीसं. ते तिने शेतातच जुळवलेलं, कापता कापता, आणि दर वर्षी त्यात एखादी ओळ वाढायची. ज्या वर्षी पाऊस दगा द्यायचा त्या वर्षी देवाला टोमणा मारणारी ओळही असायची. पाळकसाहेब ऐकून मान खाली घालून हसायचे.

मग चर्चला मशीन आलं. नंदुरबारकडच्या एका साउंडवाल्या भाऊने बसवून दिलं. भिंतीवर दोन मोठे स्पीकर, पाळकांना माइक, कीबोर्डला वायर, ढोलकीला माइक, आणि बायांना एक माइक, उभ्या दांडीवर. शिवाय बायांच्या पायाशी एक काळी पेटी ठेवली. गायला लागलं की त्या पेटीतून आपलाच आवाज आपल्या तोंडावर यायचा. आम्ही किती खूश झालो होतो! स्वतःचा आवाज असा कोणी आम्हाला परत दिला नव्हता कधी. बाई तर पहिल्या दिवशी ओळ विसरली. घरी येताना म्हणाली, "एवढी मोठी झाले मी?" आणि डोक्यावरचा हंडा सावरत हसत सुटली.

त्या पेटीसमोर आम्ही वर्षानुवर्षं गायलो. एका माइकला पाच जणी, पदर तोंडावर, एकमेकींना कोपराने ढकलत.

मशीनजवळ मी कशी आले ते सांगते. मशीन याकोबकाका सांभाळायचे. ते मंडळीतले वडीलजन, जुने, आवाजाचे जाड, मनाने वाईट नाहीत. त्यांच्या डोळ्यांत सारा आला. बटनाखालची अक्षरं दिसेनात. तरुण माणसं ऊस तोडायला गुजरातेत गेलेली. तेव्हा कोणीतरी शिकून यावं म्हणून पाळकसाहेबांनी विचारलं, आणि काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हिला पाठवा. मशीनजवळ गप्प बसणारं माणूस पाहिजे. ही तर लग्नात सुद्धा नाव घ्यायला उठली नव्हती." सगळं चर्च हसलं. मी पदर ओढला. पण खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं होतं. मशीन मागे असतं, खांबाच्या आड. तिथे बसलेल्या माणसाकडे कोणी बघत नाही.

नवापूरच्या मोठ्या चर्चमध्ये शिकवणी होती, आणि शिकवायला तोच साउंडवाला भाऊ. पंधरा-वीस पुरुष आणि आम्ही तीन बाया. सगळे शब्द नवे. मी ते घरच्या वस्तूंना बांधून ठेवले, नाहीतर राहिले नसते. गेन म्हणजे गिरणीच्या तोंडात धान्य किती सोडायचं ते. कमी सोडलं तर गिरणी रिकामी खडखडते, जास्त सोडलं तर तुंबते. फेडर म्हणजे पीठ किती बाहेर पडू द्यायचं ते, वर-खाली सरकणारी पट्टी. लाल दिवा लागला की दूध उतू गेलं समजायचं, आवाज फाटतो. म्यूट म्हणजे तोंडावर हात. आणि फीडबॅक, ती कान फोडणारी शिट्टी. स्पीकरमधून निघालेला आवाज पुन्हा माइकात शिरतो, पुन्हा निघतो, पुन्हा शिरतो, घरातल्या भांडणासारखा, आणि शेवटी किंचाळतो. "म्हणून माइक कधी स्पीकरच्या तोंडासमोर उभा करायचा नाही," तो म्हणाला. मी मान हलवली. आमच्या चर्चमध्ये डाव्या भिंतीवरचा स्पीकर बायांच्या अगदी डोक्यावर, माइकाकडे तोंड करून होता. लाइटचा पॉइंट तिथेच होता म्हणून.

मग त्याने मॉनिटर सांगितला. "ही पायाजवळची पेटी. गाणाऱ्याला स्वतःचं ऐकू यावं म्हणून. हिच्यातून निघतं ते लोकांसाठी नाही. लोकांसाठी मेन, म्हणजे भिंतीवरचे मोठे स्पीकर. दोघांची बटनं वेगळी. मेनचा फेडर खाली असला तरी मॉनिटर आपला आपला चालू राहतो."

चहाच्या वेळी सगळे बाहेर गेले. मी बशी हातात धरून त्याच्याजवळ उभी राहिले. काय विचारायचं ते मला कळत नव्हतं, नुसती शंका होती. मी गावाचं नाव सांगितलं.

"हा हा, वळखं ना!" तो मोठ्याने हसला. त्याच्या बोलीत, अहिराणीत बोलायला लागला. "तठे तर मीच मशीन बसाडेल शे. बायास्ना माइक मेनमा लिधा का शिट्टी वाजे. मंग मी तो फक्त मॉनिटरमा टाकी दिना. त्यास्ले त्यास्ना आवाज ऐकू येस ना? मंग बाया खूश, लोके बी खूश!"

मी विचारलं, "म्हणजे लोकांकडे जातच नाही? अजून तसंच आहे?"

"कोन बदलई? तसंच ऱ्हाई." आणि माझं तोंड बघून म्हणाला, "कसाले टेन्शन लेस ताई? चाय पी."

त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. तेच मला अजून गिळवत नाही. वाईट असतं तर मी त्याला शिव्या दिल्या असत्या, निदान मनात. त्याने गळकं छप्पर पिशवीने झाकावं तसं काम केलं होतं आणि चहा पिऊन निघून गेला होता. पिशवीखाली आम्ही होतो.

पुढच्या रविवारी मी काकांच्या शेजारी मशीनवर बसले. बायांच्या माइकाच्या बटनांची उभी रांग शोधली. फेडर तळाला होता. त्याच्यावर धूळ होती, बाकीच्यांवर नव्हती. मॉनिटरचं बटन अर्ध्याच्या वर. पुढे बाई गायला उभी होती, डोळे मिटलेले, गळ्याची शीर फुगलेली. मी उठून बाहेर गेले आणि चिंचेखाली उभी राहिले. तिथे नेहमी उशिरा आलेले पुरुष बसतात. आतून पुरुषांचं गाणं येत होतं, कीबोर्ड येत होता, ढोलकी येत होती, पाळकसाहेबांचं आमेन येत होतं. बाया नव्हत्या. मी कान देऊन देऊन ऐकलं. मधमाशी असल्यासारखं काहीतरी मागे होतं, बास. एक म्हातारा बिडी विझवत म्हणाला, "बरं नाही का गं तुला?"

त्या दिवशी जेवताना मी घरच्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, विचारलं, "चर्चमध्ये आमचं गाणं ऐकू येतं का तुम्हाला?"

"गाता ना तुम्ही. दिसतं की."

"दिसतं नाही. ऐकू येतं का?"

त्यांनी घास तोंडाशी धरून विचार केला. खरंच विचार केला. मग म्हणाले, "बायांचं कधी वेगळं ऐकलं नाही मी." आणि भाकरी मोडली.

हे सगळं त्या एका हंगामातलं आहे. भात पिवळा पडत होता तेव्हा मी शिकायला गेले, कापणी लागली तेव्हा मला कळलं, आणि मळणी चालू होती तेव्हा मी बाईला सांगितलं. नाही सांगितलं तरी चाललं असतं, असं आता वाटतं. तेव्हा वाटत नव्हतं. तेव्हा मला वाटायचं, एखाद्याच्या ताटात आपण रोज वाढतो आणि ते ताट त्याच्यापर्यंत जातच नाही, हे वाढणाऱ्याला कळलंच पाहिजे.

आम्ही दोघी खळ्यावर पेंढ्या झोडपत होतो. बाई गुणगुणत होती, सणाच्या गाण्यात नवी ओळ बसवत होती. मी सांगितलं. ती आधी हसली.

"येडी आहेस का? मला ऐकू येतो माझा आवाज. चांगला मोठा येतो."

"तुलाच येतो बाई. पेटीतून. लोकांकडे जात नाही."

"मग लोक टाळ्या कशाच्या वाजवतात?"

"ढोलकीच्या."

तिने हातातली पेंढी झोडपली. पुन्हा झोडपली. दाणे केव्हाच पडून गेले होते, ती नुसता पेंढा आपटत होती. मग म्हणाली, "कधीपासून?"

"पहिल्यापासून."

तिने पेंढा बाजूला टाकला. सुपात धान्य घेतलं, वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली, भूस उडून तिच्या केसांवर बसलं. "तुला येतं ना आता ते मशीन?" तिने विचारलं. "मग घाल आम्हाला मेनमध्ये. सणाला घाल. मला नवी ओळ म्हणायची आहे."

मी याकोबकाकांकडे गेले. म्हटलं, डावीकडचा स्पीकर हलवू या, बायांच्या पुढे नेऊ या, मग शिट्टी वाजणार नाही. ते म्हणाले, "पॉइंट तिकडे आहे." मी म्हटलं, लांब वायर घेऊ. ते म्हणाले, "सण तोंडावर आला आणि तुला भिंत उकरायची आहे. आजपर्यंत कुठल्या बाईने तक्रार केली?" मी म्हटलं, त्यांना माहीतच नव्हतं. "माहीत नव्हतं तर दुखत पण नव्हतं ना," काका म्हणाले. मी घरी आले.

स्पीकर हलला नाही. मग मी ठरवलं, शिट्टी येणार नाही इतपतच फेडर वर न्यायचा, गेन कमी ठेवायचा, आणि बायांना सांगायचं की माइकाजवळ या, तोंडावरचा पदर काढा. मला जेवढं येत होतं तेवढ्यात ते बसत होतं.

सणाच्या दिवशी वेदीसमोर भाताच्या लोंब्या बांधलेल्या, भोपळे, मक्याची कणसं, केळीचा घड, पाय बांधलेले कोंबडे. देवाला आणलेल्या या सगळ्याच्या लिलावाची गडबड पुढे व्हायची होती. चर्च भरलेलं. सुरतेहून, बारडोलीकडून कामावरची माणसं सणापुरती परत आलेली. पाळकसाहेब म्हणाले, "आता आपल्या बहिणी गातील." बाई पुढे गेली. निळं लुगडं नेसलेली, केसांना तेल. तिने मागे माझ्याकडे पाहिलं. मी धूळ पुसलेला तो फेडर हळूहळू वर नेला.

आवाज निघाला. चर्चभर निघाला. आणि तो चांगला नव्हता.

हे लिहायला मला जड जातं. बाईचा आवाज जाड आणि फाटका झाला होता, हाक मारताना होतो तसा. डोक्यावरच्या स्पीकरवर मात करायला पाचही जणी वर्षानुवर्षं ओरडत आल्या होत्या आणि ओरडण्यालाच गाणं समजत होत्या. आणि त्याहून वाईट म्हणजे त्या ढोलकीच्या मागे होत्या. थोड्या नाही, निम्मी ओळ मागे. ढोलकी पुढे निघून जायची आणि त्या मागून फरफटत यायच्या. इतके दिवस ऐकूच जात नव्हतं म्हणून कोणाला कळलं नव्हतं. आता सगळ्यांना कळलं. माना वळल्या. मागच्या पोरी तोंडावर रुमाल धरून हलायला लागल्या. कीबोर्डवाल्याने हात उचलले, कुठे वाजवावं ते त्याला कळेना. पाळकसाहेब हसून माइकात म्हणाले, "बहिणींनो, जरा ढोलकीचं पण ऐका," आणि चर्च मोकळेपणी हसलं. प्रेमानेच हसलं. सणाचा दिवस होता.

याकोबकाकांनी माझ्या खांद्यावरून हात घातला आणि फेडर खाली ओढला. त्यांना अक्षरं दिसत नसली तरी ती पट्टी कुठे आहे ते पाठ होतं. चर्चमधून बायांचा आवाज गेला. लोकांनी सुटल्यासारखा श्वास सोडला, तो मी ऐकला. पेटी चालूच होती, म्हणून बाकीच्या चौघी गात राहिल्या. बाईला मात्र आता माहीत होतं. ती थांबली. नवी ओळ यायची होती त्याच्या आधीच थांबली. माइकापुढे उभी राहून तिने शेजारणींचं गाणं संपेपर्यंत वाट पाहिली, मग लुगड्याच्या निऱ्या सावरत जाऊन शेवटच्या कडेला बसली.

काय चुकलं होतं ते मला पुढे पाऊस लागल्यावर कळलं. मशीनवर नुसतीच बसून होते, आणि एकेका बटनावर बोट ठेवत गेले. बायांच्या पेटीत फक्त बायांचाच आवाज सोडलेला होता. ढोलकी त्यात नव्हती, कीबोर्ड नव्हता. डोक्यावर मोठा स्पीकर गरजतोय, पायाशी आपलाच आवाज ओरडतोय, मधे ताल कुठून ऐकू येणार? बाईचा ताल बिघडला नव्हता. तिला ताल दिलाच नव्हता. ढोलकीच्या रांगेतलं मॉनिटरचं एक बटन थोडं फिरवलं असतं तर ती पहिल्या दिवसापासून तालात राहिली असती. एक बटन, हरभऱ्याएवढं.

मी धावत घरी आले. बाई पडवीत बी निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं. म्हटलं, "बाई, तुझी चूक नव्हती. आता मी ढोलकी घालते पेटीत, तू बघ."

ती निवडत राहिली. खडा काढून बाहेर टाकला.

"मी चांगली गायची असं मला वाटायचं," ती म्हणाली. "तेवढं माझं होतं."

"तू चांगलीच गायचीस. मी ऐकलंय. मशीनच्या आधी."

"तू ऐकलंयस. आणि त्या दिवशी बाकीच्यांनी ऐकलं." मग पहिल्यांदाच तिने वर पाहिलं. रागाने नाही. "तुला कळलं ते ठीक होतं. मला कळायला नको होतं. मरेपर्यंत गायले असते मी."

त्यानंतर हा विषय आमच्यात निघाला नाही. आम्ही एकाच चुलीवर स्वयंपाक करतो, एकाच बांधावर भाकरी खातो. तिच्या गुडघ्याला मी तेल लावते. शेतात ती गुणगुणत नाही. पूर्वी तिच्या गुणगुणण्यावर आमचे हात चालायचे. आता विळ्यांचाच आवाज येतो, प्रत्येकीचा वेगळा.

दोन वर्षांमागे गावातल्या पोरींनी गाण्याचा गट काढला. कॉलेजला जाणाऱ्या, एकसारखे दुपट्टे. त्यांना माइक हवे होते, नवे स्पीकर हवे होते. त्यांच्यासाठी डावीकडचा स्पीकर एका दुपारी हलला. लांब वायर आली, भिंतीला चार भोकं पडली, झालं. याकोबकाकाच शिडी धरून उभे होते. मी खाली उभी राहून बघत होते. पोरींवर माझा राग नाही. त्या गोड गातात. त्यांच्या पेटीत मी ढोलकी घालते, कीबोर्ड घालते, सगळं मापात. त्यांना कधी कळायचंही नाही की हे असं नव्हतं. पण ती चार भोकं बघून मला जे वाटलं ते देवासमोर सुद्धा मी बोललेले नाही.

यंदाचा सण झाला. लोंब्या, भोपळे, कोंबडे सगळं तसंच. शेवटच्या गाण्याला सगळी मंडळी उभी राहिली. जुनं गाणं, सगळ्यांना येणारं, बाई पूर्वी हेच उचलायची. पोरी पुढे माइकांवर गात होत्या, लोक त्यांच्या मागून. बाई शेवटच्या कडेला, ओठ मिटलेले. तेव्हा माझ्या मनात आलं की मशीन मधे नसतं तर? पत्र्याखाली नुसते गळे असते, पूर्वीसारखे, तर कदाचित तिचा निघेल. कोणाला वेगळा ऐकू जाणार नाही, कोणी हसणार नाही. मी मेनचा फेडर धरला आणि खाली, तळाला नेला.

मला वाटलं होतं लोक गात राहतील. ते थांबले. स्पीकर गेला तसे एकेक करून गळे गेले, जणू ते गळे वायरलाच लावलेले होते. "लाइट गेली का?" कोणीतरी म्हणालं. पंखे फिरत होते. माना वळून मागे माझ्याकडे बघायला लागल्या. आणि त्या शांततेत पुढे पोरी गात होत्या. त्यांच्या पायाच्या पेट्या चालू होत्या, त्यांना त्यांचा आवाज भरपूर येत होता, डोळे मिटून, हात वर करून गात होत्या, आणि इकडे आमच्यापर्यंत बारीक, मधमाशीएवढं काहीतरी पोचत होतं.

बाई त्यांच्याकडे बघत होती. सगळं चर्च माझ्याकडे बघत असताना ती एकटी पोरींकडे बघत होती. मग ती माझ्याकडे वळली. तिने तळवा वर करून हलवला, डोक्यावर भारा चढवायला सांगतात तसा. उचल. लवकर उचल, त्यांना कळायच्या आत.

मी फेडर वर केला.